दोनशे पन्नासचा हिशेब : टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनमध्ये माल किती, बारदान किती?



मागच्या महिन्यात महात्मा फुले मंडईत भाजीला गेले होते. आमच्या वस्तीतल्या एक मावशी तिथे कोथिंबीर-मेथी घेऊन बसतात. मला पाहताच त्यांनी पोत्याखालून रुमालात गुंडाळलेली एक छोटी खोकी काढली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, हे जरा बघा. पोराच्या बॅगेत सापडलं. म्हणतो ताकदीचं हाय, जिममधल्या सरांनी दिलंय. ह्याच्यावर २५० लिहिलंय. दोनशे पन्नास म्हंजे लई असतंय का थोडं?"

खोकीत काचेची एक कुपी होती. आत पिवळसर तेल. वर नाव छापलेले : टेस्टोस्टेरॉन एनान्थेट, २५० मि.ग्रॅ.

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये" हे आम्हा नर्सबायांचे ठरलेले वाक्य माझ्या ओठावर आले होते. पण मावशींचा प्रश्न अगदी नेमका होता. त्यांचा जन्म तराजूपुढे गेला आहे, म्हणून त्यांनी आधी वजन विचारले. मग मीही तराजूच्याच भाषेत उत्तर दिले. ते उत्तर थोडे विस्ताराने या महिन्याच्या आरोग्य-पानावर देत आहे. पोरगा जिमला जात असेल, पोलीस भरतीची तयारी करत असेल किंवा घरात कुणाचे हार्मोनचे उपचार सुरू असतील, तर हा धडा सर्वांनी मिळून वाचा.

हार्मोनला शेपटी का लावतात?

टेस्टोस्टेरॉन हे आपल्या शरीरातच तयार होणारे हार्मोन आहे. पुरुषांमध्ये ते मुख्यतः वृषणांत, म्हणजे अंडकोषात बनते. स्त्रियांच्या शरीरातही ते थोड्या प्रमाणात असते. दाढी-मिशी, घोगरा आवाज, स्नायू, हाडांची मजबुती, कामेच्छा, रक्तातल्या तांबड्या पेशी, या सगळ्यांत त्याचा वाटा आहे. निरोगी प्रौढ पुरुषाचे शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मि.ग्रॅ. टेस्टोस्टेरॉन बनवते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शास्त्रज्ञांनी १९३५ साली हे हार्मोन वेगळे काढले आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही केले. त्या कामाशी जोडलेल्या बुटेनान्ट आणि रुझिका या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण औषध म्हणून वापरताना अडचण आली. गोळी गिळली की यकृत ते हार्मोन रक्तात नीट पोहोचण्याआधीच मोडून टाकते. नुसते टेस्टोस्टेरॉन टोचले तर तेही फार वेळ टिकत नाही. रक्तातले मोकळे टेस्टोस्टेरॉन १० ते १०० मिनिटांत निम्मे होते. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा सुई टोचावी लागली असती.

त्यावर उपाय निघाला तो एस्टरचा. टेस्टोस्टेरॉनच्या एका टोकाला एका आम्लाची साखळी जोडायची. या जोडणीला रसायनशास्त्रात एस्टर म्हणतात. आपण तिला सोयीसाठी शेपटी म्हणू. औषधाच्या नावात 'टेस्टोस्टेरॉन'च्या पुढे जो शब्द येतो तो या शेपटीचा : प्रोपिओनेट, एनान्थेट, सायपिओनेट, अनडेकॅनोएट. पुष्कळ लोक पहिला शब्द वाचून थांबतात. पण औषध किती दिवस चालणार हे दुसरा शब्द सांगतो.

बारदान वजा करा

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. मी त्यांना विचारले, "मावशी, बटाट्याचं पोतं काट्यावर ठेवलं तर सगळं वजन बटाट्याचंच का?"

"बारदान वजा करावं लागतंय की."

तोच प्रकार इथे आहे. कुपीवर छापलेले २५० मि.ग्रॅ. हे हार्मोन आणि शेपटी दोन्ही मिळूनचे वजन आहे. शेपटी हे बारदान. ती स्वतः हार्मोनचे काम करत नाही. शेपटी जेवढी मोठी, तेवढे बारदान जड आणि आतला माल कमी.

प्रत्येकी १०० मि.ग्रॅ. औषधात खरे टेस्टोस्टेरॉन किती, ते पाहा :

प्रोपिओनेट : सुमारे ८४ मि.ग्रॅ.
आयसोकॅप्रोएट : सुमारे ७५ मि.ग्रॅ.
एनान्थेट : सुमारे ७२ मि.ग्रॅ.
सायपिओनेट : सुमारे ७० मि.ग्रॅ.
फिनाइलप्रोपिओनेट : सुमारे ६९ मि.ग्रॅ.
डेकॅनोएट : सुमारे ६५ मि.ग्रॅ.
अनडेकॅनोएट : सुमारे ६३ मि.ग्रॅ.

या हिशेबाने मावशींच्या हातातल्या २५० मि.ग्रॅ. एनान्थेटमध्ये खरे हार्मोन १८० मि.ग्रॅ. होते. बाकीचे ७० शेपटीचे.

सस्टॅनॉन २५० हे नावही अनेकांच्या कानावर असते. त्यात एकच शेपटी नाही, चार आहेत : प्रोपिओनेट ३०, फिनाइलप्रोपिओनेट ६०, आयसोकॅप्रोएट ६० आणि डेकॅनोएट १०० मि.ग्रॅ. बेरीज २५० होते, पण बारदान वजा जाता हार्मोन उरते १७६ मि.ग्रॅ. तीन महिन्यांनी एकदा देतात त्या अनडेकॅनोएटच्या इंजेक्शनवर १००० लिहिलेले असते. त्यातले हार्मोन सुमारे ६३१ मि.ग्रॅ.

हे ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हंजे बारदानासकट वजन छापलंय की ओ!" इतके सोपे करून मला कुणी कॉलेजात शिकवले नव्हते.

तेलाचा डेपो आणि सावकाश सुटणारा माल

मग ही शेपटी लावायचीच कशाला? तर माल सावकाश सुटावा म्हणून.

मिसळीवरची तर्री आठवा. मिरचीचा लाल रंग तेलाला धरून राहतो, खालच्या पाण्यात सहज उतरत नाही. शेपटी लावलेले टेस्टोस्टेरॉनही असेच तेलाला धरून राहते. म्हणून ते तेलात विरघळवून कुपीत भरतात. कुठल्या औषधात शेंगदाण्याचे तेल असते, कुठल्यात एरंडेल, कुठल्यात तिळाचे. हे तेल स्नायूत खोल टोचले की तिथे त्याचा साठा होतो. यालाच डेपो म्हणतात. आपल्या पुष्कळ भगिनींना हा प्रकार माहीत आहे. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी मोफत मिळणारे 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शनही डेपोच असते. फरक इतका, की त्यात तेल नसून पाण्यात सहज न विरघळणारे बारीक कण असतात.

डेपोतून औषध थोडे थोडे रक्तात उतरते. तिथे आपल्या शरीरातली एस्टरेज नावाची विकरे ती शेपटी कापतात आणि टेस्टोस्टेरॉन मोकळे होते. ही कापाकापी लवकर होते. उशीर लागतो तो तेलातून बाहेर पडायला. शेपटी लांब असली की औषध तेलाला जास्त चिकटून राहते आणि सावकाश सुटते. शेपटीची ठेवणही थोडा फरक करते, पण मुख्य नियम हाच.

साठा निम्मा व्हायला लागणारा काळ पाहिला की हे कळते. प्रोपिओनेटला साधारण एक दिवसही लागत नाही. एनान्थेटला साडेचार दिवसांच्या आसपास लागतात. अनडेकॅनोएट एरंडेल तेलात असेल तर सुमारे ३४ दिवस. हेच अनडेकॅनोएट चहाच्या बियांच्या तेलातून दिले तेव्हा सुमारे २१ दिवस भरले होते. म्हणजे शेपटीबरोबर तेलही महत्त्वाचे.

म्हणूनच डॉक्टर प्रोपिओनेट आठवड्यातून दोन-तीनदा देतात, एनान्थेट दोन ते चार आठवड्यांनी, सस्टॅनॉन साधारण तीन आठवड्यांनी. अनडेकॅनोएटचा पहिला डोस झाला की दुसरा सहा आठवड्यांनी, पुढचे १० ते १४ आठवड्यांनी.

इथे एक गैरसमज काढून टाका. "अमुक शेपटीचं कडक, तमुक सौम्य" असे जिममध्ये बोलतात. शेपटी कापली की आत उरते ते एकच टेस्टोस्टेरॉन. कडक-सौम्य असे काही नाही. किती सुटले आणि किती दिवसांत सुटले, एवढाच फरक. चार शेपट्या असल्या म्हणजे पातळी एकसारखी राहते हेही खरे नाही. सस्टॅनॉननंतर रक्तातली पातळी २४ ते ४८ तासांत शिखर गाठते आणि साधारण २१ दिवसांत खालच्या हद्दीवर येते.

दिवसाला किती पडले?

आता सुरुवातीचा आकडा आठवा : शरीर दिवसाला ५ ते ७ मि.ग्रॅ. बनवते.

डॉक्टरांनी एनान्थेटची २५० ची एक कुपी तीन आठवड्यांसाठी दिली, तर १८० भागिले २१, म्हणजे दिवसाला साडेआठ मि.ग्रॅ. चार आठवड्यांसाठी दिली तर साडेसहाच्या जवळ. अनडेकॅनोएटचे ६३१ मि.ग्रॅ. बारा आठवड्यांत वाटले तर दिवसाला साडेसात. म्हणजे उपचार म्हणून देतात तेव्हा शरीर स्वतः जेवढे बनवते त्याच्या आसपासच ठेवायचा प्रयत्न असतो. ही सरासरी आहे. प्रत्यक्षात एनान्थेटची पातळी पहिल्या दोन-तीन दिवसांत वर जाते आणि शेवटी उतरते. काहींना त्या चढउताराचा त्रास होतो, म्हणून काही डॉक्टर कमी डोस कमी अंतराने देतात.

मावशींचा मुलगा आठवड्याला अशा दोन कुप्या घेत होता. दोन कुप्यांत हार्मोन ३६० मि.ग्रॅ. भागिले ७ दिवस. दिवसाला ५१ मि.ग्रॅ. शरीर बनवते त्याच्या सात ते दहा पट!

तो सुरुवातीला आठवड्याला एकच घेत होता. दहा-बारा दिवस झाले तरी "काही वाटंना", म्हणून त्याने दुसरी सुरू केली. अशी फसगत पुष्कळांची होते, कारण डेपोत भर पडत जाते हे कुणी सांगत नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून एनान्थेट पाच दिवसांत निम्मे होते असे धरा. पहिल्या दिवशी हार्मोन १८०. पाचव्या दिवशी उरले ९०, त्यात नवे १८० घातले, झाले २७०. दहाव्या दिवशी उरले १३५, आणखी १८०, झाले ३१५. असे वाढत वाढत ते ३६० च्या जवळ पोहोचते. म्हणजे सुई प्रत्येक वेळी तेवढीच, पण अंगातला साठा पहिल्या वेळेच्या दुप्पट. हा साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात आणि थांबवल्यावर उतरायलाही तेवढेच. अनडेकॅनोएट असेल तर काही महिने. टोचलेले तेल परत काढता येत नाही. त्रास झाला तरी शेवटचा थेंब सुटेपर्यंत वाट पाहावी लागते.

घरचा कारखाना बंद पडतो

बाहेरून इतका माल येऊ लागला की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम देणे थांबवते. मग वृषणे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवत नाहीत आणि शुक्रजंतूही बनवत नाहीत. ती आकाराने लहान होतात. "मर्दानगीचं इंजेक्शन" म्हणून घेतलेले औषध बाप होण्याची क्षमताच थांबवते.

ही भीती घालण्यासाठी रचलेली गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून याच टेस्टोस्टेरॉन एनान्थेटची चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला २०० मि.ग्रॅ. दिल्यावर सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्रजंतू उरला नव्हता. थांबवल्यावर ते परत आले, पण त्याला महिने लागले. बारदान वजा केले तर त्या डोसात आठवड्याला १४४ मि.ग्रॅ. हार्मोन होते. मावशींचा मुलगा घेत होता ३६०. त्याच्या अडीच पट. आणि घरात त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती. उद्या वर्ष-दोन वर्षे मूल झाले नाही तर आपल्याकडे पहिला दोष कुणाला दिला असता, हे मी सांगायला नको.

याशिवाय रक्त घट्ट होऊन गुठळी होण्याचा धोका वाढतो, रक्तदाब वाढतो, चांगले कोलेस्टेरॉल घटते, पाठीवर मुरुमे येतात, जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन होऊन पुरुषाच्या छातीत गाठ येते, राग आवरत नाही. थांबवल्यावर घरचा कारखाना सुरू होईपर्यंत थकवा आणि उदासी येते, त्या वेळी मुले घाबरून पुन्हा सुई घेतात. एकच सुई दोघा-तिघांनी वापरली तर एचआयव्ही आणि काविळीचे विषाणू येतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने शेंगदाणा-तेलातले इंजेक्शन घेतले तर जिवावर बेतू शकते. खेळाडूंना तर हे औषध बंदीच्या यादीत आहे.

ज्यांना खरोखर गरज आहे

एवढे वाचून हे औषधच वाईट असे समजू नका. पिट्युटरीचा आजार, वृषणांना झालेली इजा, जन्मजात दोष, अशा कारणांनी ज्यांचे शरीर टेस्टोस्टेरॉन बनवत नाही, त्यांना या इंजेक्शनने नवे आयुष्य मिळते. त्याआधी सकाळच्या वेळी दोनदा रक्त तपासतात. नुसता थकवा आला म्हणून हे औषध देत नाहीत.

आपल्या वस्त्यांत ट्रान्स पुरुषही आहेत. जन्माच्या वेळी ज्यांना मुलगी म्हटले गेले, पण जे पुरुष आहेत, त्यांना हेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नाल्सा निकालात त्यांची ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याने हार्मोन उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. तरी लाजेपोटी अनेकजण दवाखान्यात न जाता कुणाच्या तरी सांगण्यावरून टोचून घेतात. त्यांना माझे तीन सांगणे आहे. दुकानदाराने "हे नाही, ते घ्या" म्हणून दुसऱ्या शेपटीचे औषध दिले तर जुन्याच अंतराने घेऊ नका, डॉक्टरांकडून नवा हिशेब मांडून घ्या. रक्ताची तपासणी चुकवू नका, विशेषतः रक्त घट्ट झाले आहे का ती. आणि पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असे समजू नका. राहू शकतो, आणि हे औषध गर्भाला घातक आहे.

रक्त कधी तपासायचे हेही शेपटीवर ठरते. एनान्थेट चालू असेल तर दोन इंजेक्शनांच्या मधोमध, अनडेकॅनोएट असेल तर पुढचे इंजेक्शन देण्याच्या आधी. भलत्याच दिवशी तपासले तर आकडा खोटा बोलतो.

घरात कुपी सापडली तर विचारा

१. टेस्टोस्टेरॉनच्या पुढचा शब्द कोणता? तो कागदावर लिहून घ्या.
२. छापलेल्या वजनात हार्मोन किती?
३. किती दिवसांनी घेतो? दिवसाला किती पडले?
४. शेवटचे कधी घेतले? कारण अजून अंगात काय शिल्लक आहे ते डॉक्टरांना यावरूनच कळते.
५. चिठ्ठी कुणाची? हे औषध शेड्यूल एच मध्ये येते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही.
६. आतले तेल कोणते? सुई नवी होती का?

आणि मारझोड करू नका. पोरगा लपवायला लागला की हिशेब कायमचा बंद होतो.

मावशींचा मुलगा दोन दिवसांनी माझ्याकडे आला. आधी मान खाली घालून बसला. मी कागद-पेन्सिल त्याच्याच हातात दिली आणि भागाकार करायला सांगितला. ५१ आकडा आल्यावर त्याने तो पुन्हा करून पाहिला. सरकारी रुग्णालयात त्याची तपासणी झाली, औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाले. शुक्रजंतूंची तपासणी काही महिन्यांनी पुन्हा करायची आहे. जिम त्याने सोडलेली नाही, सोडायची गरजही नाही. मंडईच्या आसपासच्या पेठांत जुन्या तालमी आहेत. तिथे जोर-बैठका मारून पिढ्यानपिढ्या अंगे कमावली गेली.

जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा या मंडईच्या बांधकामावर होणाऱ्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव लागले. हिशेब विचारायची सवय आपल्याला तिथूनच मिळालेली आहे. ती औषधाच्या कुपीपाशी सोडून देऊ नका.

परवा पुन्हा मंडईत गेले, तेव्हा मावशी शेजारच्या बाईला सांगत होत्या, "पोराची खोकी बघ गं एकदा. नुसता आकडा बघू नको, बारदान वजा कर."